पोकेमॉनच्या गेममधला डिट्टो समोरच्याचं सगळं कॉपी करतो तर तो अजिंक्य का नाही? झोरोआर्क पण तेच करतो का?

तुमचे हे दोन प्रश्न ठीक आहेत, पण खाली तुम्ही जाता जाता लिहिलंय की "तसंही कॉपी करून जिंकणं म्हणजे चीटिंगच". ते वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. हेच वाक्य मी २०१४ च्या दिवाळीपासून घरात ऐकतोय.

आधी मुद्द्याचं. डिट्टो सगळं कॉपी करत नाही. रूप घेतो, टाइप (ड्रॅगन, डार्क वगैरे प्रकार) घेतो, अटॅक, डिफेन्स, स्पीड हे आकडे जसेच्या तसे घेतो म्हणजे समोरच्याने मेहनतीने ट्रेन केलेले, नेचरने (स्वभावाने) पडलेल्या फरकासकट, चारही मूव्ह म्हणजे डाव घेतो, अ‍ॅबिलिटी म्हणजे अंगचा खास गुण घेतो आणि समोरच्याने तोवर चढवून ठेवलेले बूस्ट, म्हणजे मॅचमध्ये वाढवलेले आकडेसुद्धा घेतो. मूव्हना पीपी, म्हणजे वापरायच्या खेपा, मात्र पाच-पाचच मिळतात. हातातली वस्तू आणि लेव्हल स्वतःची राहते. आणि एचपी, म्हणजे अंगातला जीव, स्वतःचा. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ना, तर या गेममध्ये पैसा म्हणजे एचपी. डिट्टोचे सगळे बेस स्टॅट म्हणजे मूळ आकडे ४८, त्यामुळे लेव्हल १०० ला पूर्ण ट्रेन केला तरी एचपी ३०० च्या वर जात नाही. ब्लिसीसमोर उतरवला तर गुबगुबीत ब्लिसी दिसेल, पण तिचा सातशेच्या वरचा एचपी याला मिळणार नाही. म्हणून तो अजिंक्य नाही.

आता ते चीटिंगचं.

सातारला आत्याकडे दिवाळीला सगळी भावंडं जमली होती. आतेभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, आणि पोकेमॉनमध्ये घरात त्याचा शब्द शेवटचा. दोन लॅपटॉप, एका मोबाईलचा हॉटस्पॉट, शोडाऊन या पोकेमॉन लढाईच्या वेबसाइटवर सहा विरुद्ध सहा, आणि मागे पाच-सहा पोरं चिवडा खात उभी. माझ्या टीममध्ये इम्पोस्टरवाला डिट्टो होता, चॉइस स्कार्फ देऊन (ही वस्तू स्पीड दीडपट करते, पण एकाच मूव्हमध्ये अडकवते). इम्पोस्टर म्हणजे मैदानात आल्या आल्या आपोआप रूप बदलतं, टर्न वाया जात नाही. ही अ‍ॅबिलिटी पाचव्या जनरेशनपासूनची, त्याआधी डिट्टोला ट्रान्सफॉर्म मूव्ह वापरायलाच एक टर्न जायची आणि तेवढ्यात त्या बिचाऱ्याचं काम तमाम व्हायचं, म्हणून जुने लोक अजून त्याला फक्त ब्रीडिंगचा प्राणी समजतात.

दादाने फेरोथॉर्न या पोकेमॉनने पहिल्याच टर्नला माझ्या बाजूला स्टेल्थ रॉक टाकले, म्हणजे मैदानात उतरणाऱ्याला लागणारे दगड. ते उडवायला मी स्टारमीने रॅपिड स्पिन केलं, फेरोथॉर्नच्या आयर्न बार्ब्जचे काटे स्टारमीला लागले आणि पुढच्याच टर्नला तो गेला. मागून चुलतभाऊ म्हणाला, कशाला उगाच स्टारमी घालवलास. मी गप्प बसलो, कारण मला डिट्टो फुल एचपीने उतरवायचा होता. दादाचा ड्रॅगोनाइट मल्टिस्केलवाला आहे हे मला पाठ होतं, आणि मल्टिस्केल फुल एचपी असेल तरच मार निम्मा करतं. रॉक राहिले असते तर उतरतानाच डिट्टोचा आठवा हिस्सा गेला असता आणि मल्टिस्केल मिळून न मिळाल्यासारखं झालं असतं.

शेवटी दादाकडे एकटा ड्रॅगोनाइट उरला, माझ्याकडे हीट्रान आणि डिट्टो. त्याने माझ्या तोंडावर दोनदा ड्रॅगन डान्स मारला (दर वेळी अटॅक आणि स्पीड वाढतात), अर्थक्वेकने हीट्रान उडवला आणि खुर्चीत मागे रेलून बसला. मी डिट्टो उतरवला. झाला ड्रॅगोनाइट, दोन्ही डान्सच्या बूस्टसकट, वर स्कार्फचा दीडपट स्पीड. दादाला स्पीडचं कळलं होतं म्हणून त्याने एक्स्ट्रीम स्पीड मारला, तो प्रायोरिटीमुळे, म्हणजे समोरच्याचा स्पीड जास्त असला तरी, आधी लागतो, पण त्याचंच मल्टिस्केल माझ्याकडे आलं होतं त्यामुळे डिट्टोचा एचपी निम्म्याच्याही वर राहिला. मग माझा आउटरेज. ड्रॅगनवर ड्रॅगनचा डबल मार, अटॅक डबल झालेला, त्याचं स्वतःचं मल्टिस्केल धरूनही एका फटक्यात मॅच संपली.

दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉपीबहाद्दर आहेस तू, स्वतःचं डोकं आहे का?" आणि लॅपटॉप मिटला. पोरांनी ते नाव उचललं. पुढची दोन वर्षं मला घरात कॉपीबहाद्दर म्हणायचे, माझी बारावी होती त्या वर्षीसुद्धा, आणि बारावीच्या वर्षी हा शब्द कसा लागतो ते ज्याला लागला त्यालाच कळतं.

म्हणून स्पष्ट लिहितो. परीक्षेतली कॉपी लपून करतात. डिट्टो लपत नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी टीम प्रिव्ह्यूमध्ये सहाच्या सहा दिसतात, दादाला पहिल्या सेकंदापासून माहीत होतं की माझ्याकडे डिट्टो आहे आणि तो अजून उतरलेला नाही. तरी त्याने दोन डान्स केले. डिट्टोसमोर बूस्ट चढवणं म्हणजे तलवारीला धार लावून समोरच्याच्या हातात देणं. त्याच्या जागी मी असतो तर एकच डान्स केला असता, किंवा फेरोथॉर्न शेवटपर्यंत जिवंत ठेवला असता, ड्रॅगनचा मार कमी लागणारा हा पोकेमॉन आउटरेजमध्ये अडकलेल्या डिट्टोसमोर आणता आला असता. यात डोकं कुणाचं चाललं आणि कुणाचं नाही ते तुम्हीच बघा. डिट्टो चालवणाऱ्याला दोन टीम पाठ लागतात, स्वतःची आणि समोरच्याची.

झोरोआर्कचं थोडक्यात. तो बहुरूपी आहे. पोलिसाच्या वेशात बहुरूपी दारात आला म्हणून त्याला कुणाला अटक करता येत नाही, तसंच. इल्युजन या अ‍ॅबिलिटीने तो तुमच्या टीममधल्या शेवटच्या जिवंत पोकेमॉनसारखा दिसतो, पण टाइप, स्टॅट, मूव्ह सगळं स्वतःचंच, आणि अंगावर सरळ मार बसला की सोंग उतरतं. सायकिक मूव्हचा काहीच परिणाम झाला नाही तर समजायचं की हा डार्क टाइपवाला झोरोआर्क आहे. लपवालपवीचं म्हणाल तर ती इथे आहे, डिट्टोत नाही, आणि गंमत म्हणजे दादाचा आवडता पोकेमॉन झोरोआर्कच आहे.

आता राहिलेल्या गोष्टी. समोर सबस्टिट्यूट (स्वतःचा एचपी खर्चून उभा केलेला बाहुला) उभा असेल तर इम्पोस्टर चालतच नाही, इल्युजन घातलेल्या झोरोआर्कसमोरही नाही, मग तुमच्या हातात फक्त ट्रान्सफॉर्म मूव्ह घेतलेला गुलाबी गोळा राहतो. स्कार्फ दिला की एकाच मूव्हमध्ये अडकता, त्यामुळे उतरवायच्या आधी मूव्ह ठरवून ठेवा. क्विक पावडर घेऊ नका, ती रूप बदलायच्या आधीच स्पीड वाढवते आणि इम्पोस्टरमध्ये "आधी" असं काही नसतंच. डबल्समध्ये तो बरोबर समोरच्याचं रूप घेतो, तिरक्याचं नाही, हे विसरून लोक हरतात. समोर सगळे भिंतीसारखे पोकेमॉन असतील तर डिट्टो निरुपयोगी आहे, हे मी मान्य करतो.

दादा अजून खेळतो. मागच्या गणपतीत आमच्या तीन मॅच झाल्या आणि तिन्ही मॅचमध्ये त्याने बूस्ट चढवायच्या आधी सबस्टिट्यूट टाकला.