सोडा दुप्पट, फुगा मात्र दुप्पट का नाही?

तुमच्या लेकीचा प्रयोग चुकलेला नाही आणि ॲव्होगॅड्रोचा नियमही (वायूचे रेणू दुप्पट, तर आकारमान दुप्पट). 100 मिली व्हिनेगरमध्ये आधी 4 ग्रॅम, मग 8 ग्रॅम खाण्याचा सोडा घातला आणि बाटलीच्या तोंडाला लावलेल्या फुग्याचा घेर 40 सेंमीवरून 45 सेंमीच झाला, असं तुम्ही लिहिलंय. इथे दोन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत.

पहिली म्हणजे, वायूच्या प्रमाणात वाढतं ते आकारमान, घेर नव्हे. फुगा गोल धरला तर घेराचा (सेंमीमध्ये) घन करून 59 ने भागा, आकारमान मिलीमध्ये मिळेल. 40 ला साधारण 1085 मिली, 45 ला 1545. म्हणजे वायू जवळजवळ दीडपट झालाय! दुप्पट व्हायला घेर 50 सेंमीच्या थोडा वर जायला हवा होता.

मग तो का गेला नाही? कारण व्हिनेगर संपलं. व्हिनेगरच्या बाटलीवर 4 टक्के आम्ल लिहिलं असेल तर 100 मिलीत साधारण 4 ग्रॅम ॲसेटिक आम्ल, म्हणजे 0.067 मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक, डझनासारखं). 8 ग्रॅम सोडा म्हणजे 0.095 मोल. एका मोल सोड्याला एक मोल आम्ल लागतं आणि त्यातून एक मोल कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, त्यामुळे उरलेला सोडा तसाच राहिला. 0.067 मोल कार्बन डायऑक्साइड 25 अंशांना सुमारे 1.6 लिटर भरतो, त्यातला थोडा पाण्यात विरघळतो. तुमचं मोजमाप याला सुंदर जुळतंय, लेकीचं कौतुक करा.

(इथे एका मोलला 22.4 लिटर वापरू नका, तो आकडा 0 अंश तापमानाचा. 25 अंशांना एका मोलला 24.5 लिटर धरा.)

ॲव्होगॅड्रोच्या नियमाचा गाभा असा: तापमान आणि दाब तोच असेल तर आकारमान रेणूंच्या संख्येवर ठरतं, रेणू कोणता यावर नाही. वायूत रेणूंमधली मोकळी जागाच इतकी असते की रेणू लहान की मोठा याने फरक पडत नाही. म्हणून 2 ग्रॅम हायड्रोजन आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सारखीच जागा व्यापतात. ॲव्होगॅड्रोने हे 1811 मध्ये मांडलं, पण 1860 च्या जर्मनीतल्या कार्लस्रूहे इथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझ्झारोने बाजू लावून धरेपर्यंत रसायनशास्त्रज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

आता पुन्हा करताना प्रत्येक वेळी 200 मिली व्हिनेगर घ्या आणि सोडा 2, 4, 6, 8 ग्रॅम. प्रयोगाच्या बाटलीला हात लावून बघा, ती गार पडलेली असेल, कारण ही अभिक्रिया उष्णता शोषते. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच दोऱ्याने घेर मोजा. पण तासभर थांबू नका, हा वायू रबरातून हळूहळू निसटतो. आलेख घेराचा नको, आकारमानाचा काढा. रेषा सरळ येईल, पण शून्यातून जाणार नाही: विरघळलेला वायू फुग्यात येतच नाही.