व्हिसा मार्चपर्यंतचा, मुक्काम मात्र ९० दिवसांचाच

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. लेक-जावई म्यूनिकला असतात. आम्हा दोघांना येत्या ३१ मार्चपर्यंतचा, कितीही वेळा ये-जा करता येईल असा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) मिळाला आहे. १० जूनला दोघं गेलो. यजमान शेतीच्या कामासाठी ४ जुलैला परतले, मी डोहाळजेवण करून ८ ऑगस्टला आले. लेकीला ५ नोव्हेंबर तारीख दिली आहे. म्हणून २० ऑक्टोबर ते १५ जानेवारी अशी तिकिटं काढली. आता जावई म्हणतात, आईंना एवढं राहता येणार नाही. एजंट म्हणतात, व्हिसा मार्चपर्यंत आहे, बिनधास्त जा. फार तर मध्ये चार दिवस लंडनला जाऊन या, मोजणी नव्याने सुरू होते. खरं काय?

उत्तर : ताई, जावयांचं बरोबर आहे. त्यांनी वेळेत सांगितलं हे फार चांगलं झालं.

पासपोर्टवरच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक, व्हिसा कुठपर्यंत चालेल ती तारीख. दुसरी, ‘ड्युरेशन ऑफ स्टे’, म्हणजे किती दिवस राहता येईल तो आकडा. तुमच्याकडे तो ९० असणार. नियम असा की शेंगेनच्या २९ देशांत मिळून, कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहायचं नाही. हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात. तिथल्या मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून १८० दिवस मोजायचे. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरायचे.

आता तुमचा हिशेब. १० जून ते ८ ऑगस्ट हे तुमचे ६० दिवस झाले, उरले ३०. २० ऑक्टोबरला उतरलात तर १८ नोव्हेंबरला ते संपतात. १५ जानेवारीपर्यंत थांबलात तर जवळजवळ दोन महिने बेकायदा मुक्काम होईल. जर्मनीत त्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते, प्रवेशबंदी लागू शकते आणि पुढचा व्हिसा अडतो तो वेगळाच. नातवंडाला पुन्हा भेटायची वाटच बंद व्हावी, एवढी किंमत या चुकीला देऊ नका. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. जास्त झालेले दिवस यंत्रणाच काढते.

लंडनचा सल्ला तर साफ चुकीचा आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, म्हणून तिथले दिवस मोजले जात नाहीत, एवढंच. आधीचे ६० त्याने पुसले जात नाहीत. आणि ब्रिटनला स्वतंत्र व्हिसा लागतो.

मात्र कागदावर तारखा मांडल्यावर एक वाट दिसते. तुमचा १० जूनचा दिवस ७ डिसेंबरला मोजणीतून बाहेर पडतो, आणि तिथून रोज एकेक जुना दिवस गळत जातो. म्हणून तुम्ही ७ नोव्हेंबरला उतरलात तर हातातले ३० दिवस ६ डिसेंबरपर्यंत पुरतात आणि पुढे जुने गळतात तसे नवे मिळत जातात. सलग ९० दिवस, ४ फेब्रुवारीपर्यंत. तेच ४ नोव्हेंबरला गेलात तर ३ डिसेंबरलाच बाहेर पडावं लागेल. तीन दिवसांच्या घाईत दोन महिने जातात!

यजमानांचा हिशेब वेगळा, कारण मोजणी माणसागणिक होते. त्यांचे फक्त २५ दिवस झालेत. २० ऑक्टोबरला जाऊन ते १७ जानेवारीपर्यंत राहू शकतात. त्यांचं तिकीट आहे तसंच ठेवा, बदलायचं ते फक्त तुमचं.

बाळंतपणात आईच जवळ हवी, हे मला कळतं. तसं असेल तर २० ऑक्टोबरला जा, १८ नोव्हेंबरच्या आत परत या आणि ७ डिसेंबरनंतर पुन्हा जा. दिवस तेवढेच मिळतात, विमानखर्च दुप्पट होतो. पण ओल्या बाळंतिणीला दोन आठवड्यांत सोडून येण्यापेक्षा दोन दिवस उशिरा जाऊन तीन महिने राहणं मला बरं वाटतं. तिथल्या सरकारी आरोग्यविम्यातून सुईण घरी येते, आणि बाबा तर असतीलच. डिंकाचे लाडू त्यांच्याबरोबर पुढे धाडता येतील.

मुदतवाढ मिळते, पण गंभीर कारणासाठी. ठरलेलं बाळंतपण त्यात बसेल यावर विसंबू नका. ऐनवेळी लेकीची किंवा बाळाची प्रकृती बिघडली, तर डॉक्टरांचं पत्र घेऊन तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुदत संपायच्या आत अर्ज करा.

परतीचं तिकीट ४ फेब्रुवारीचं काढू नका, १ तारखेच्या आसपासचं काढा. डिसेंबर २०२३ मध्ये बर्फामुळे म्यूनिकचा विमानतळच बंद ठेवावा लागला होता. विमा पहिल्या फेरीचा चालणार नाही. या मुक्कामासाठी किमान ३०,००० युरोंचा नवा काढा. आणि तिकीट बदलण्याआधी माझ्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी किंवा जुन्या बोर्डिंग पासशी ताडून बघा. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर याच मोजणीचा कॅल्क्युलेटर आहे, जावयांना त्यात दोघांच्या तारखा वेगवेगळ्या भरायला सांगा.