माझ्या अंगात जास्त करंट आहे का?

प्रश्न : सर, मी सहकारनगरला राहते, वय 58. हसू नका पण घरी मला सगळे 'एमएसईबी' म्हणतात. मी हात लावला की वस्तू बंद पडते असं आता ठरूनच गेलंय. दोन वर्षांत तीन मिक्सर गेले, मनगटावरचं घड्याळ तीन महिन्यांच्या वर टिकत नाही, थंडीत दाराच्या कडीला हात लावला की चट्कन बसतं, फ्रीजलाही मुंग्या येतात, आणि कहर म्हणजे संध्याकाळी तळजाईवरून फिरून येताना मी खांबाखाली आले की रस्त्यावरचा दिवा विझतो. परवा मुलाने नवीन लॅपटॉप आणला तर सून म्हणाली, आई तुम्ही जरा लांबच बसा. गमतीत म्हणाली असेल, पण मला रात्रभर झोप नाही. खरंच कुणाकुणाच्या अंगात जास्त करंट असतो का? (नाव छापू नका, सोसायटीत सगळे हे मासिक वाचतात.)

उत्तर : ताई, आधी फ्रीज. बाकीचं नंतर वाचा. कडीला बसतो तो 'चट्' एकदाच बसतो आणि संपतो, पण तुम्ही लिहिलंय की फ्रीजला मुंग्या येतात, म्हणजे हात लावून ठेवला की येतच राहतात, हे तुमच्या अंगातलं नाही, हे फ्रीजच्या बॉडीत उतरलेलं आहे. अर्थिंग गेलेलं असणार किंवा कुणीतरी तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली असणार (आपल्याकडे हा उद्योग फार). आजच वायरमनला बोलवा, तो येईपर्यंत फ्रीजचं बटण बंद ठेवा, ओल्या हाताने तर बिलकुल जाऊ नका, आणि घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसलेली नसेल तर तीही बसवून घ्या. घरातल्या बाकीच्यांना लागत नाही म्हणाल तर ते चप्पल घालून वावरत असतील आणि तुम्ही अनवाणी, एवढंच.

आता करंट. अंगात वीज असते, सगळ्यांच्याच असते, पण किती ते बघा, ईसीजी काढताना छातीवर जे मिळतं ते साधारण 1 मिलिव्होल्ट आणि टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल 1.5 व्होल्टचा, म्हणजे दीड हजार पट. तेवढ्यात मिक्सर जळत नाही हो, मुंगीसुद्धा दचकणार नाही.

कडीचा झटका मात्र खरा तुमच्याकडून जातो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी ठणठणीत, त्यात पॉलिस्टरची साडी, वर लोकरीची शाल, पायात रबरी स्लीपर आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलात की घर्षणाने अंगावर काही हजार व्होल्ट सहज साठतात. हो, हजार. 3000 च्या आसपास गेल्याशिवाय आपल्याला ते जाणवतही नाही. पण साठा इतका किरकोळ की एका ठिणगीत संपतो आणि माणसाला काही होत नाही. सुती साडी नेसा, हाताला क्रीम लावा, आणि बाहेरून येताना हातातली किल्ली आधी कडीला टेकवा, ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला कळतही नाही. सूनबाईंना सांगा, लॅपटॉप बंद डब्यात असतो, तुम्ही शेजारी बसल्याने त्याला काही होत नाही. उघडून आतल्या चिपला हात लावला तर गोष्ट वेगळी, तिथे न जाणवणारे काहीशे व्होल्टही पुरतात. मी तपकीर गल्लीत 22 वर्षं रिपेअरिंग केलं, आमच्याकडे एक पोरगा होता, टेरिकॉटचा शर्ट घालून यायचा आणि त्याच्या हाताखालून बोर्ड मरायचे, सगळे म्हणायचे याचा हात वाईट. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायला लावला, हात चांगला झाला.

मिक्सरचं विचारायचंच राहिलं, घरात चटणी, खोबरं, पुरण हे सगळं वाटतं कोण? तुम्हीच ना? मग तो तुमच्याच हातात जाणार, पेपर वाचणाऱ्याच्या हातात कसा जाईल! आणि तिन्ही मिक्सर खरंच जळले होते का, की भंगारात दिले? मिक्सर उलटा केला की तळाला एक लाल बटण असतं, लोड जास्त झाला की ते ट्रिप होतं, पाच-दहा मिनिटं गार होऊ द्यायचं आणि दाबायचं. या एका बटणापायी लोकांनी दुकानात आणलेले चांगले मिक्सर मी मोजलेले नाहीत, पण त्यावर माझा बराच चहा झालाय.

घड्याळ रात्री कुठे ठेवता ते कळवा. पर्सचं चुंबकाचं बटण, मोबाईलचं फ्लिप कव्हर, स्पीकर, यांच्याजवळ क्वार्ट्झ घड्याळाची बारकी मोटर अडकते, लांब नेलं की परत चालते. आणि मागचं झाकण एकदा नीट बसलं नाही की घाम आत जातो, मग सेल कितीही बदला.

दिव्याचा अनुभव जगभर लोकांना येतो, हिलरी इव्हान्स नावाच्या ब्रिटिश लेखकाने असे किस्से गोळा केले होते आणि अशा माणसांना 'स्लायडर' असं नावही पडलं. पण पिवळा सोडियमचा दिवा म्हातारा झाला की तापल्यावर त्याला पेटत राहायला जास्त व्होल्टेज लागतं, चोकला ते जमत नाही, मग तो विझतो, निवतो, काही मिनिटांनी परत लागतो, रात्रभर हाच खेळ. एलईडीचा बिघडलेला ड्रायव्हरही (म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट) तापून असंच करतो. विझणारा खांब नेहमी तोच आहे का बघा. एक दिवस समोर लांब कट्ट्यावर भेळ घेऊन बसा आणि तुम्ही नसताना तो विझतो का ते पाहा. आणि वाटेत 40 खांब धरले तर महिन्याला 1200 वेळा तुम्ही दिव्याखालून जाता, त्यातले न विझलेले कुणी मोजलेत?

बाकी बदनामीत तुमची सोबत चांगली आहे. वोल्फगँग पाउली, 1945 चं फिजिक्सचं नोबेल, हा माणूस आला की प्रयोगाची यंत्रं मोडतात अशी त्याची इतकी ख्याती की ओटो स्टर्नने हॅम्बुर्गच्या आपल्या लॅबमध्ये त्याला यायला बंदी केली होती. एकदा ग्योटिंगेनला जेम्स फ्रँकच्या लॅबमध्ये यंत्र फुटलं आणि पाउली तर गावातही नव्हता, नंतर कळलं की त्याची गाडी नेमकी तेव्हा ग्योटिंगेन स्टेशनवर थांबली होती, असं सांगतात. गंमत म्हणजे खुद्द पाउलीला हे थोडंफार खरं वाटायचं.

प्रश्न : आमचे आजोबा रेडिओजवळ उभे राहिले की एफएम स्वच्छ लागतो, हलले की खरखर. ते म्हणतात माझ्यात अँटेना आहे. (कोथरूड)

उत्तर : आजोबा बरोबर आहेत! एफएमची लहर साधारण 3 मीटर लांब, माणूस तिच्या जवळपास निम्म्या उंचीचा आणि आतून खारट पाण्याने भरलेला, त्यामुळे तो ती लहर पकडतो, अडवतो, वळवतो. कुणीही उभं राहिलं तरी चालेल, जागा महत्त्वाची. लिऑन थेरेमिन या रशियन माणसाने 1920 च्या सुमारास याच्याच भावंडावर, म्हणजे हात जवळ आला की सर्किट बदलतं यावर, हात न लावता वाजवायचं वाद्य बनवलं. आजोबांना दर वेळी उभं करू नका, वायर वर बांधा.

प्रश्न : वडिलांचं बोट फोनच्या स्क्रीनला लागतच नाही, माझं लागतं. (हडपसर)

उत्तर : वडील हाताने काम करणारे असतील, घट्टे पडलेलं कोरडं कातडं स्क्रीनला नीट कळत नाही. बोट किंचित ओलं करा. आणि तो जाड स्क्रीनगार्ड काढून एकदा बघा.