नावापुढे ‘डॉ.’ लागेल, पण पदोन्नतीच्या फाइलचे काय?

व्यवस्थापन शाखेत शिकवणारे अनेक जण माझ्याकडे एकच चिंता घेऊन येतात. पीएचडीसाठी मार्गदर्शक मिळत नाही, वय वाढत चालले आहे, मग एखाद्या ‘ॲक्रेडिटेड’ परदेशी विद्यापीठाची डीबीए, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन ही पदवी घेतली तर चालेल का? याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर मी देत नाही. का देत नाही, हे नागपुरातील एका प्राध्यापिकेच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हिंगणा मार्गावरील एका विनाअनुदानित महाविद्यालयात त्या दहा-बारा वर्षांपासून एमबीएच्या वर्गांना मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवतात. पदनाम अजून सहायक प्राध्यापक असेच आहे. त्यांच्यानंतर रुजू झालेला सहकारी पीएचडी पूर्ण करून विभागप्रमुख झाला आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये बसणे नकोसे झाले, असे त्या म्हणाल्या. सोबत त्यांनी एक माहितीपत्रक आणले होते. दीड वर्षात ऑनलाइन डीबीए, शुल्क हप्त्यांनी आणि तळाशी ओळीने बोधचिन्हे. “मॅडम, शनिवारपर्यंत पहिला हप्ता भरला तर सवलत आहे. भरू का?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

मी त्यांना शनिवार जाऊ द्यायला सांगितले आणि पुढच्या भेटीत सहयोगी प्राध्यापकपदाची एखादी अलीकडची जाहिरात आणायला सांगितली. त्या जाहिरातीतील अटी एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, २०१९ च्या नियमांना धरून होत्या : संबंधित विषयातील पीएचडी, पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत प्रथम श्रेणी, मान्य नियतकालिकांत किमान ६ शोधनिबंध आणि एकूण ८ वर्षांचा अनुभव, त्यांपैकी किमान २ वर्षे पीएचडीनंतरची. डीबीएचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता.

मग आम्ही माहितीपत्रक शेवटच्या पानाकडून वाचायला घेतले, कारण अशा पत्रकांत कामाची माहिती बहुधा तिथेच असते. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होते ते अभ्यासक्रम विकणाऱ्या भारतीय कंपनीचे नाव. पदवी देणारे परदेशी विद्यापीठ शेवटच्या पानावर बारीक टायपात सापडले. बोधचिन्हांपैकी एक निव्वळ सभासदत्वाचे होते, तर दुसरे कार्यालयीन कामकाजाच्या आयएसओ प्रमाणपत्राचे. तिसरे मात्र वजनदार होते, अमेरिकेतील एएसीएसबी या १९१६ पासूनच्या संस्थेचे. ही संस्था बिझनेस स्कूलची पारख करते आणि मान्यताप्राप्त स्कूलची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते. आम्ही ती तिथल्या तिथे उघडली. हे विद्यापीठ त्या यादीत नव्हते. ते बोधचिन्ह कंपनीच्या दुसऱ्याच एका भागीदाराचे निघाले.

समजा, विद्यापीठ त्या यादीत असते तरी बाईंची अडचण सुटली नसती. एएसीएसबी स्कूलचा दर्जा पाहते, ब्रिटनची एएमबीए ही संस्था एमबीए आणि डीबीएचे अभ्यासक्रम तपासते. पण भारतात अध्यापकपदासाठी कोणती पदवी ग्राह्य धरायची, हे ठरवणे यांपैकी कोणाच्याही हातात नाही. परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे जाहीर केले. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने अशा भागीदारीतील पदव्यांबाबत पुन्हा सावध केले.

“मग एवढ्या उघडपणे जाहिराती कशा येतात?” असे त्यांनी विचारले. जाहिरात खोटे बोलत नाही, इतकेच मी म्हणाले. नावापुढे ‘डॉ.’ लावता येईल असे ती सांगते. प्राध्यापकपदासाठी पदवी ग्राह्य आहे असे ती कुठेच म्हणत नाही. ती मुळात कंपन्यांतील व्यवस्थापकांसाठी लिहिलेली असते आणि त्यांच्या पदव्या तपासायला कोणतीही छाननी समिती बसत नाही.

पुढचा हिशेब त्यांना जड गेला. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क, म्हणजे संशोधनासोबतचा सक्तीचा अभ्यासक्रम, धरून किमान ३ वर्षे लागतात, आणि वरच्या अटीतील २ वर्षे त्यानंतर मोजायची. त्या तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “म्हणजे मुलगी बारावीला असेल तेव्हाही मी अभ्यासच करत असणार.” दीड वर्षाच्या पदवीची ओढ किती आणि सहकाऱ्याच्या बढतीची बोच किती, हे त्या दिवशी आम्ही प्रथमच वेगवेगळे पाहिले.

नोकरी सांभाळून पीएचडी करता येते, मात्र ती दूरस्थ किंवा ऑनलाइन चालत नाही आणि अर्धवेळ प्रवेशासाठी महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. संशोधनाला पुरेसा वेळ देण्यास कामाची आडकाठी नाही आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, हे त्यात स्पष्ट लिहावे लागते. बहुतेक घोडे याच वाक्यावर अडते. मार्गदर्शकांची टंचाईही खरी आहे. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे ज्येष्ठ मार्गदर्शकांच्या घरी खेटे घालण्याआधी त्यांचे निवृत्तीचे वर्ष पाहावे, असे मी सुचवले.

त्याच सुमारास बुटीबोरीतील एका कारखान्याचे मनुष्यबळ अधिकारी भेटले. त्यांना पूर्णवेळ अध्यापनात यायचेच नव्हते. अतिथी व्याख्याने, सल्लागारी आणि जमल्यास पुढे आखाती देशांत शिकवणे, असा त्यांचा विचार होता. त्यांना मी डीबीएच सुचवली. कारखान्यातील रोजच्या प्रश्नावर संशोधन करण्यासाठी ती पदवी उत्तम आहे. अट एवढीच, की विद्यापीठाला त्याच्या देशात पदवी देण्याचा अधिकार हवा, बिझनेस स्कूलचे नाव मूल्यमापन संस्थेच्या यादीत स्वतः पाहिलेले हवे आणि जिथे शिकवायचे तिथल्या विद्यापीठाकडून ही पदवी चालेल असे आधी लेखी घेतलेले हवे.

बाईंनीही कंपनीला ईमेल करून एकच गोष्ट लेखी मागितली : एआयसीटीई-मान्य संस्थेत सहयोगी प्राध्यापकपदासाठी ही पदवी ग्राह्य धरली जाईल का? उत्तरादाखल फोन बरेच आले, सवलतीची मुदतही महिनाभर वाढली. लेखी काही आले नाही. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएचडीचा प्रवेश मिळू लागला आहे, त्यात नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. म्हणून त्या आता व्यवस्थापन विषयातून नेटची तयारी करत आहेत. महाविद्यालयाने ना हरकत प्रमाणपत्राचा मसुदा दिला आहे, पण कार्यमुक्तीचे वाक्य त्यात अजून आलेले नाही. त्यासाठी येत्या सोमवारी त्या प्राचार्यांना पुन्हा भेटणार आहेत.