घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेल्या सोन्याच्या जुन्या चहादाणीची किंमत आजच्या भावाने काढायची का? आणि बक्षीस म्हणून चहादाणीच का देत?

भावाने अजिबात काढू नका.

आमची सराफी. थोरल्या चुलत्यांचं, अण्णांचं, एकच पालुपद: घडणावळ गेली ती गेली, उरतं ते वजन. आजोबांना मात्र दुकानापेक्षा बैलांचं वेड. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिला नंबर काढून मिळवलेला चांदीचा पेला घरात होता. त्यावर दोन्ही बैलांची नावं, गाव, यात्रेचं साल कोरलेलं. आत्याच्या लग्नात अण्णांनी तो मोडीत घातला. वर घरच्याच चांदीला घट धरली! त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला आजोबा दुकानात आले नाहीत. अण्णा अजून म्हणतात, "भाव चांगला होता."

आता स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा सोनार जेम्स केर घ्या. हा पुढे 1747 मध्ये तिथला खासदारही झाला. एडिनबराच्या बंदरावर, लीथला, ओहोटीच्या वेळी वाळूवर घोडे पळायचे आणि राजाकडून 100 गिनींचं, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांचं, बक्षीस असायचं. त्यासाठी 1730 च्या दशकात केरने सोन्याच्या गोल चहादाण्या घडवल्या. एक स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गिनी 22 कॅरेटची, सुमारे 8.35 ग्रॅमची. म्हणजे घडणावळ शून्य धरली तरी 835 ग्रॅम, आजचे साडेत्र्याऐंशी तोळे. अण्णांचा हिशेब इथे संपतो. पण तेवढं सोनं कुठल्याही पेढीवर मिळेल, केरची चहादाणी मिळेल का? असली बक्षिसं बहुतेक ठिकाणी अण्णांसारख्यांनीच आटवली, म्हणून तर उरलेल्यांना मोल आहे.

चहादाणीच का, तर चहा तेव्हा महाग, बड्या घरांत मिरवायची चीज. एवढंच.

हां, तुमची खरंच सोन्याची आहे की चांदीवर मुलामा, ते आधी बघा. कसोटीवर घासू देऊ नका, न घासता कस सांगणाऱ्या यंत्रावर, कॅरेटोमीटरवर, ठेवा. पॉलिशही नको. बुडाचे छाप बघा. एडिनबराची असेल तर किल्ल्याचा छाप हवा. घोड्याचं नाव मागाहून कोरलेलंही असू शकतं. वस्तू भारतात असेल आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली, तर 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे परदेशी लिलावाला परस्पर पाठवता येणार नाही. आणि घरातलं कोणी "मोडून वाटून घेऊ" म्हणालं, तर त्याला त्याचा वाटा रोख द्या, पण भांडं हातात देऊ नका.