डायबेटिस असलेल्या मांजराचे मागचे पाय लुळे पडलेत, बी१२ ने फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की बोक्याला डायबेटिस निघालाय, इन्शुलिन नुकतंच सुरू झालंय, पण मागचे पाय नीट उचलत नाही, टाचा जमिनीला टेकवून घसटत चालतो, सोफ्यावर उडी मारायची सोडूनच दिलीय, आणि कोणीतरी सांगितलं की बी१२ द्या. मग ते खरंच लागू पडतं का, माणसांची गोळी चालते का, किती द्यायची आणि किती दिवस. आमच्या मांजरीचं अगदी हेच झालं होतं म्हणून लिहितेय. मी व्हेट नाही, डायबेटिसवाली मांजर सांभाळणारी बाई आहे, एवढं धरून वाचा.

आधी सरळ उत्तर देते. बी१२ मधला मिथाइलकोबालामिन नावाचा प्रकार देऊन बघायला हरकत नाही, मांजरांना तो सहसा बाधत नाही. पण पाय सुधारतात ते मुख्यतः शुगर खाली आली म्हणून, गोळी फार तर सोबतीला. आणि माणसांच्या नसांच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा एक घटक असतो जो मांजराच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे घरात कोणाची 'नर्व्हची कॅप्सूल' पडली असेल तर ती उचलून देऊ नका. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, बाकी काही नाही वाचलं तरी तेवढं वाचा.

पाय असे का होतात? मांजर एरवी बोटांवर चालतं, मागच्या पायाची टाच हवेत असते. शुगर खूप दिवस चढी राहिली की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि नसांवरचं जे आवरण असतं, मायलिन, तेही जागोजागी खराब होतं. वायरवरचं प्लास्टिक सोललं गेल्यावर करंट जसा नीट पोचत नाही तसं समजा. मागच्या पायांच्या नसा लांब, म्हणून तिथे आधी दिसतं. टाच खाली येते, मांड्या बारीक होतात, उडी चुकते, काही मांजरं पंजाला हात लावू देत नाहीत कारण तिथे दुखतं किंवा झिणझिण्या येत असाव्यात. जास्त झालं तर पुढचे पायही मनगटापर्यंत टेकायला लागतात. साधारण दहातल्या एका डायबेटिक मांजरात हे असं डोळ्यांना दिसण्याइतकं होतं म्हणतात, थोडंफार नुकसान त्याहून बऱ्याच जणांत असतं पण आपल्या लक्षात येत नाही.

आता बी१२ कुठून आलं यात. मायलिन बनवायला आणि टिकवायला शरीराला बी१२ लागतंच, आणि मिथाइलकोबालामिन हा त्याचा शरीर थेट वापरू शकतं असा प्रकार. डायबेटिसवाल्या माणसांना हातापायाच्या मुंग्यांसाठी ते सर्रास देतात. त्यात अजून एक भानगड अशी की बरीच माणसं मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेतात आणि मेटफॉर्मिनने बी१२ कमी होतं, म्हणून त्यांना ते तसंही भरून काढावं लागतं. मांजरं इन्शुलिनवर असतात, मेटफॉर्मिनवर नाही, त्यामुळे ते कारण इथे लागू नाही. माणसांमध्येही त्याचे रिझल्ट संमिश्रच आहेत, आणि मांजरांच्या या पायांवर अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना खोटी असा नीट तपासलेला अभ्यास काही दाखवता येत नाही, जे आहे ते मांजरवाल्यांचे आणि व्हेट लोकांचे अनुभव. आणि अनुभवांची गंमत अशी की सगळेच जण गोळी आणि इन्शुलिन एकाच सुमारास सुरू करतात, मग मांजर उभं राहिलं की श्रेय गोळीला. आमचंही तसंच, ती आज छान चालते पण गोळीमुळे किती आणि इन्शुलिनमुळे किती हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. माझं मत विचाराल तर वजन इन्शुलिनच्या पारड्यात जास्त.

तरीही मी दिली, कारण बी१२ पाण्यात विरघळणारं आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, आणि वाट बघण्याच्या काळात काहीतरी निरुपद्रवी करता येत असेल तर का नाही.

अजून एक, बी१२ ची खरीच कमतरता असणं ही वेगळी गोष्ट आहे. डायबेटिसवाल्या मांजरांना स्वादुपिंडाची सूज किंवा आतड्याचा त्रास असणं कॉमन आहे, आणि आतडं बिघडलं की बी१२ शोषलं जात नाही. तुमचा बोका शुगर आटोक्यात येऊनही वाळतोय, उलट्या करतोय, शी पातळ होतेय असं असेल तर व्हेटना रक्तातलं कोबालामिन, म्हणजे बी१२च, तपासायला सांगा. कमी निघालं तर ते इंजेक्शनचा कोर्स देतील, साधारण दर आठवड्याला २५० मायक्रोग्रॅम असं सहा आठवडे, ते बहुतेक सायनोकोबालामिन, म्हणजे बी१२ चाच दुसरा प्रकार असतो, आणि ते नेमकं उपचार म्हणून असतं, सोबतीला वगैरे नाही.

आता ती धोक्याची गोष्ट. माणसांच्या नसांच्या गोळ्यांमध्ये मिथाइलकोबालामिनसोबत बऱ्याचदा अल्फा लिपोइक ॲसिड घातलेलं असतं. माणसांना चालतं, मांजरांना ते विष आहे. २००४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की माणूस, कुत्रा, उंदीर यांच्यापेक्षा मांजराला ते सुमारे दहा पट जास्त विषारी आहे, वजनाच्या किलोमागे ३० मिलीग्रॅमला विषबाधा दिसली. म्हणजे ४ किलोच्या मांजराला १२० मिलीग्रॅम, आणि माणसांच्या कॅप्सूलमध्ये १०० पासून ६०० पर्यंत असतं! एकच कॅप्सूलही पुरेशी ठरू शकते. लाळ गळणं, उलट्या, तोल जाणं, झटके आणि मग लिव्हर. वाईट म्हणजे तोल जाणं बघून माणसाला वाटेल की पायांचाच आजार वाढला आणि तो अजून एक गोळी देईल. चुकून खाल्लंच असेल तर लक्षणांची वाट न बघता पाकीट हातात घेऊन थेट व्हेटकडे जा.

दुसरं, त्याच गोळ्यांत पायरिडॉक्सिन म्हणजे बी६ असतं. ते प्रमाणाबाहेर दिलं तर ते स्वतःच नसा खराब करतं, हे माणसांत आणि कुत्र्यांत दिसलेलं आहे. त्यामुळे 'बी कॉम्प्लेक्स दिलं तर काय बिघडतं, सगळेच बी चांगले' हे नका धरू. व्हिटॅमिन डी आणि ए तर अंगात साठतात, ते मनाने अजिबात द्यायचे नाहीत. व्हिटॅमिन सी जास्त प्रमाणात असेल तर काही ग्लुकोमीटर चुकीचं रीडिंग दाखवतात आणि त्या चुकीच्या आकड्यावर तुम्ही इन्शुलिन ठरवणार, म्हणजे बघा.

मग घ्यायचं काय, तर नुसतं मिथाइलकोबालामिन, शक्यतो मांजरांसाठी बनवलेलं. झोबालिन नावाने एक गोळी मिळते जी खास डायबेटिसवाल्या मांजरांसाठीच आहे, त्यात ३ मिलीग्रॅम मिथाइलकोबालामिन आणि थोडं फॉलिक ॲसिड असतं. बहुतेक मांजरवाले दिवसाला ३ मिलीग्रॅमच्या आसपास देतात, पण आकडा तुमच्या व्हेटकडूनच पक्का करून घ्या. माणसांची घ्यायची वेळ आलीच तर मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅमचा घोळ करू नका, १५०० मायक्रोग्रॅम म्हणजे १.५ मिलीग्रॅम. आणि जिभेखाली ठेवायच्या, चघळायच्या, चेरीच्या चवीच्या गोळ्या घेऊ नका, त्यात साखर, फ्रुक्टोज, नाहीतर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असू शकतं. झायलिटॉल कुत्र्यांना घातक असतं, मांजरांना तेवढं बाधत नसावं असं दिसलंय, पण घरात कुत्रा असेल तर खाली पडलेली गोळी तोच आधी शोधणार. लेबलवर पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडा, मागे बारीक अक्षरात बाकीचे घटक असतात ते वाचा, आणि नाही कळलं तर फोटो काढून व्हेटना पाठवा.

द्यायचं कसं: मिथाइलकोबालामिन मूळचं लाल रंगाचं असतं, चुरा केला की गुलाबी पावडर होते आणि वेट फूडमध्ये कालवलं की तोही गुलाबीसर होतो. आमची मांजर पहिल्यांदा वाटीपाशी आली, वास घेतला, पंजाने जमीन खरवडून ते झाकून टाकायची अॅक्शन केली आणि निघून गेली. मग मी चिमूटभर चुरा अगदी चमचाभर खाण्यात द्यायला लागले, ते चाटून झाल्याशिवाय बाकीचं जेवण पुढे ठेवायचं नाही. एक मात्र पाळा, डायबेटिसच्या मांजराने जेवणच टाकलं तर ते महाग पडतं, त्यामुळे सगळ्या जेवणात औषध कालवून ठेवू नका, गोळीपायी जेवण गेलं तर गोळी गेली चुलीत. आख्खी गोळी घशात सारणार असाल तर मागून सिरिंजने थोडं पाणी द्या, मांजरांच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी अडकून बसते आणि तिथे जखम होऊ शकते. डबी उजेडात ठेवू नका, हे प्रकाशाने खराब होतं.

आता शुगरबद्दल, कारण खरं औषध तेच. इन्शुलिन वेळेवर, कमी कार्बचं वेट फूड, आणि घरी कानाच्या कडेला टोचून शुगर बघायची सवय. कानाला आधी कोमट कापसाने जरा ऊब दिली की थेंब पटकन येतो. क्लिनिकमध्ये मांजराची शुगर नुसत्या घाबरण्याने चढते, म्हणून घरचे आकडे जास्त कामाचे, आणि शंका असेल तर व्हेट फ्रुक्टोसामिन टेस्ट करतात, त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज येतो. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची शुगर थोडी कमी दाखवतं, हे व्हेटना सांगून ठेवा की तुम्ही कुठलं वापरताय. आणि पाय सुधरत नाहीत म्हणून मनाने इन्शुलिन वाढवायचं नाही, कधीच नाही.

हे सगळं करायच्या आधी ते पाय डायबेटिसचेच आहेत ना हे व्हेटनी बघितलंय का? कारण सगळे लंगडे पाय एकच नसतात. पोटॅशियम कमी झालं तरी अशी अशक्तता येते, त्यात मान खाली पडलेली दिसते. एकाच पायाची टाच टेकत असेल तर तिथल्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला मार असू शकतो. म्हातारपणाचा संधिवात तर असतोच. इन्शुलिन दिल्यावर काही तासांनी झोकांड्या जायला लागल्या आणि एरवी बरा असेल, तर आधी शुगर मोजा, ती फार खाली गेली असेल, तेव्हा हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळून व्हेटना फोन. नसांमुळे आलेलं चालणं दिवसभर सारखंच असतं, असं येत-जात नाही. आणि एकदम, बसल्या जागी मागचे पाय गेले, मांजर जोरात ओरडतंय, पंजे थंडगार, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे एक मिनिट घालवू नका.

पाय सुधारायला वेळ लागतो. शुगर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत सुरुवात होते, बाकी महिने लागतात, आणि काहींची टाच पूर्ण वर येतच नाही, थोडी खाली राहते, पण फिरतात मजेत. रोज बघणाऱ्याला फरक कळतच नाही, म्हणून आठवड्यातून एकदा त्याच जागी बाजूने व्हिडिओ काढा, टाच जमिनीपासून किती वर आहे तेवढंच बघायचं. आमच्याकडे आधी टाच वर आली नाही, आधी ती जेवणाच्या वाटीपाशी उभी राहून जेवायला लागली, त्याआधी बसून जेवायची. असल्या गोष्टी टिपून ठेवा.

तोवर गुळगुळीत फरशीवर चटया टाका, लिटर ट्रे बुटक्या कडेचा घ्या, सोफ्याला पायरी म्हणून एखादं खोकं लावा, नखं कापत राहा कारण ती अडकून पडतात, आणि टाचेखाली केस झडून कातडी लाल झालीय का ते बघत राहा. पाय चोळून द्यायचे असतील तर मांडीपासून हळू सुरू करा, पंजा ओढून घेतला की सोडून द्या.

किती दिवस द्यायची, तर मांजर नीट चालायला लागेपर्यंत आणि त्यानंतर थोडे दिवस, असं आमच्या व्हेटनी सांगितलं. शुगर चांगली राहून तीन-चार महिन्यांत काहीच फरक नसेल तर गोळी बदलत बसण्यापेक्षा परत तपासणी करून घ्या, बहुतेक वेळा तेव्हा कळतं की शुगर आपल्याला वाटते तेवढी चांगली नव्हती, किंवा दुसरंच काहीतरी आहे. आमच्या मांजरीची गोळी आता बंद आहे, इन्शुलिन चालू आहे, आणि टाचा वरच आहेत.