पाच बाइटांवर थांबणारे चित्र

प्रश्न : सर्व्हरवर चालणारा एक सीजीआय प्रोग्राम (विनंती आली की वेब सर्व्हर जो चालवतो असा) मी सी भाषेत लिहिला आहे. विनंतीसोबत थेट आलेले पीएनजी चित्र तो स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे प्रोग्रामला डेटा पुरवणाऱ्या ठरलेल्या मार्गावरून, वाचतो आणि फाइलमध्ये साठवतो. विंडोजवर प्रत्येक फाइल जेमतेम 5 बाइटांची होते. लिनक्सवर चित्र नीट उतरते, पण प्रोग्राम कधीकधी संपतच नाही. असे का होत असावे?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. विंडोजवर सी प्रोग्रामला स्टँडर्ड इनपुट मिळते ते ‘टेक्स्ट मोड’मध्ये. या मोडमध्ये 13 आणि 10 हे लागोपाठचे बाइट आले की प्रोग्रामला केवळ 10 मिळतो, आणि 26 हा बाइट दिसताच इनपुट संपले असे धरले जाते. पीएनजी फाइलची सुरुवात नेहमी 137, 80, 78, 71, 13, 10, 26, 10 अशीच असल्यामुळे तुमच्या हाती पहिले चार बाइट आणि एकटा 10 एवढेच पडते. ही ओळखखूण मुद्दामच अशी बेतलेली आहे, जेणेकरून बायनरी फाइल कोणी मजकूर समजून हाताळली तर बिघाड आरंभीच उघड व्हावा. जेपीईजी असते तर चित्र मध्येच कुठेतरी तुटले असते आणि कारण शोधणे जिकिरीचे झाले असते.

वाचन सुरू करण्यापूर्वी ‘_सेटमोड’ फंक्शनने इनपुट बायनरी मोडमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे देणाऱ्या मोडमध्ये, आणावे. फाइल 6 नव्हे तर 5 बाइटांची होते, त्या अर्थी लिहिण्याची बाजू तुम्ही आधीच बायनरी ठेवलेली दिसते. एरवी तो 10 लिहिताना पुन्हा 13 आणि 10 झाला असता. पर्लमध्ये हेच काम ‘बिनमोड’ करते, तर पायथन 3 मध्ये ‘सिस.एसटीडीइन.बफर’मधून वाचावे लागते.

लिनक्सवर प्रोग्राम अडकतो, कारण तो बहुधा इनपुट संपण्याची वाट पाहत बसतो. सीजीआय 1.1 च्या विनिर्देशानुसार, म्हणजे 2004 च्या आरएफसी 3875 या इंटरनेटविषयक दस्तऐवजानुसार, सर्व्हरने शेवटी समाप्तीची खूण द्यावीच असे बंधन नाही. ‘कंटेंट_लेंग्थ’ या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (सर्व्हरने प्रोग्रामसाठी ठेवलेल्या नामांकित मूल्यात) दिलेल्या संख्येपेक्षा अधिक बाइट वाचू नयेत, हे बंधन प्रोग्रामवर आहे. ‘रीड’ हे फंक्शन वापरत असाल तर एका हाकेत मागितलेले सगळे बाइट मिळतीलच असे नाही, म्हणून ते पूर्ण होईपर्यंत लूप चालवावा. ही संख्या मुळात समोरच्याने पाठवलेली असते, तेव्हा तिच्यावर विसंबून मेमरी राखून ठेवण्याआधी कमाल मर्यादा तपासावी. तसेच वाचलेल्या डेटाची लांबी ‘एसटीआरलेन’ या मजकुराची लांबी मोजणाऱ्या फंक्शनने कधीही मोजू नये, कारण ते पहिल्याच शून्य बाइटवर थांबते.